बर्फात आलेला नमुना

"याचे जंतू हलतच नाय म्हणता, मंग हिला दोन येळा दिवस कसे राह्यले?"

मावशींनी माझ्या टेबलावर बोट आपटलं. त्यांचा मुलगा गोरख मान खाली घालून बसलेला. सून रोहिणी भिंतीकडे बघत होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं.

गंगापूर रोडवरच्या एका वंध्यत्व क्लिनिकमध्ये मी काउन्सेलर आहे. त्याआधी बायकांच्या आरोग्यावर पत्रकं लिहून एसटी स्टँडवर वाटायचे. त्यामुळे डोकं लवकर तापतं. इथे मात्र आवाज चढवायचा नसतो.

गोरखचं दिंडोरीकडे गुलाबाचं पॉलिहाऊस आहे. रोहिणीला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेले. मग सोनोग्राफ्या तिच्या, इंजेक्शनं तिला, उपास तिचे, अंगारेही तिलाच. नवऱ्याची साधी तपासणी कुणी केली नव्हती. का करतील? तो पुरुष!

आमच्या सरांनी, म्हणजे क्लिनिकच्या डॉक्टरांनी, त्याची तपासणी पहिल्यांदा सांगितली. बाळाची निम्मी गुणसूत्रं आईकडून येतात, निम्मी बापाकडून. बापाच्या गुणसूत्रांत एखादा तुकडा इकडचा तिकडे झालेला असला, तर तो स्वतः ठणठणीत असतो, पण गर्भ टिकत नाही. म्हणून दोघांचं रक्त कॅरिओटाइपला पाठवलं. त्यात गुणसूत्रांचा फोटो काढून ती जुळवून बघतात. रिपोर्टला काही आठवडे लागतात. गोरखच्या वीर्याचा रिपोर्ट मात्र लगेच आला. मोटिलिटी, म्हणजे शुक्रजंतूंची हालचाल, शून्य.

शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने जातात. पोहायला तो अगदी शेवटी शिकतो. अपुऱ्या वाढीचा जंतू जागचा हलत नाही. सर म्हणाले, "मॅच्युरेशनचा प्रॉब्लेम दिसतोय. त्यात दोन मिसकॅरेज. क्रोमोसोमचीच गडबड असणार. डोनरचा विषय काढून ठेव."

मी काढला, म्हणजे दुसऱ्या पुरुषाचं वीर्य घेण्याचा. आणि मावशींनी वरचा हिशोब मांडला.

खरं तर हिशोब बरोबर होता. शून्य हालचालीवर आपसूक दिवस राहत नाहीत. म्हणजे एक तर सून खोटी, नाही तर रिपोर्ट खोटा. मावशींनी सून निवडली. संतापच आला. इतकी वर्षं सगळ्या टेस्ट हिच्या. त्याची एक केली, तर तीही हिच्याच अंगावर!

"उद्याच हिला माहेरी धाडते," मावशी म्हणाल्या.

"आई, गप ना," गोरख पुटपुटला.

मी त्याच्याकडे वळले. "सॅम्पल इथे दिलं होतं?"

"नाय मॅडम. त्या खोलीबाहेर खुर्च्या टाकल्यात, माणसं बसलेली. लाज वाटली. घरून आणलं."

"किती वेळात?"

"पाऊण तासात. पण लय जपून आणलं." यावर तो पहिल्यांदा जरा ताठ बसला. "गुलाबाच्या थर्माकोलच्या खोक्यात. चारी बाजूंनी बर्फाच्या बाटल्या. उन्हानं माल मरतो ना."

मी डोक्याला हात लावला. शुक्रजंतूंना अंगाची ऊब लागते. डबी शर्टाच्या आत धरून आणायची असते. बर्फात ते गारठतात, हालचाल थांबते. पण गोरखला हे सांगितलं कुणी? आमच्या काउंटरने डबी दिली आणि म्हटलं, "लवकर आणा, खराब होऊ देऊ नका." त्याने खराब होऊ दिलं नाही. गुलाब होऊ देत नाही, तसंच. सूचना होत्या, इंग्रजीत.

मी थेट सरांच्या केबिनमध्ये.

"सर, सॅम्पल बर्फात आलं होतं."

"बर्फात? असं सांगितलं कुणी त्याला?"

"कुणीच काही सांगितलं नाही. तोच तर प्रॉब्लेम आहे."

सर म्हणाले, "रिपीट करू. इथेच. आणि त्या खुर्च्या हलवा. पहिला रिपोर्ट धरू नका."

"सासूबाईंनी धरलाय, सर."

सर उठले आणि स्वतः माझ्या खोलीत आले. "आजी, चूक आमची. तो रिपोर्ट बाद. सुनेवर शंका घ्यावी असं त्यात काही नाही."

मावशींनी पदर सावरला. "आधी सांगायचं मंग," एवढंच म्हणाल्या. माहेरी धाडायचं तूर्त टळलं.

चार दिवसांनी दुसरं सॅम्पल झालं. बहुतेक जंतू पोहत होते. काही थोडे अर्धवट वाढीचे होते. पॉलिहाऊसच्या उकाड्याने असेल, दुपारी आत राबू नका, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, असं सर म्हणाले. मग कॅरिओटाइप आले. दोघांचेही नॉर्मल. एखाद्या गर्भात गुणसूत्रं योगायोगानेही चुकतात, दोष कुणाचाच नसतो, असं सरांनी सांगितलं.

मी रोहिणीला फोन लावला. "ताई, दोघांचे रिपोर्ट नॉर्मल. तुमच्यात काही नाही, त्यांच्यातही नाही."

ती म्हणाली, "मॅडम, थांबा, स्पीकरवर टाकते. आता परत सांगा. आत्याबाई इथंच गुलाबाचे बंच बांधत बसल्यात."

मी परत सांगितलं. या वेळी आवाज चढवून.

"ऐकू आलं गं, बहिरी नाय मी," मागून मावशी म्हणाल्या. आणि रोहिणी हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच ऐकलं.

आता आमच्या प्रत्येक डबीवर मराठी चिठ्ठी असते. मीच लिहिली. बर्फ नको, अंगाशी धरून आणा. खाली आणखी एक ओळ होती, सरांनी ती खोडली. जागा पुरत नाही म्हणाले. इथे पुरते, म्हणून लिहिते: बाईवर बोट दाखवण्याआधी डबी कशातून आली ते विचारा.