जाऊबाई बसूनच बोलल्या

ही वही कोणाच्या हाती पडलीच, तर आधी माफी मागते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर नेहमीच चुकतं. शाळा चौथीपर्यंतच झाली.

नातीला शाळेत भाषण करायचं आहे. आरशापुढे उभी राहून, हातवारे करून ती पाठ करते. तिचं ऐकलं की मला माझ्या थोरल्या जाऊबाई आठवतात.

बऱ्याच वर्षांमागची गोष्ट. आमच्या बचत गटाची बैठक होती. मला शेवयांच्या मशीनसाठी कर्ज हवं होतं. मशीन आली असती तर दुसऱ्याच्या शेतात तण निंदायला जाणं सुटलं असतं. मी मागायला उभी राहिले, पण तोंडातून शब्द निघेना. पदराचं टोक पिळत राहिले.

"बोल नं वं! जिभेले कुलूप लावून कर्ज मागतं काय?" एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या.

जाऊबाई उठल्या नाहीत. बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "खरं हाय. हिले बोलता येत नाही. उधारी मागाले लाजीन. मशीन बिघडली त रडत बसीन. पैसे बुडू बी शकतात."

या माझ्या बाजूच्या की त्यांच्या? पण ज्या बाया हेच बोलायला टपल्या होत्या, त्यांच्याजवळ आता काही उरलं नव्हतं.

मग जाऊबाईंनी हळूच विचारलं, "आता मले सांगा, हिच्या घरी गेलेली तुमची वाटी कधी रिकामी वापस आली काय?"

वाटी परत करताना मी त्यात चार चिंचा, मूठभर शेंगदाणे, काहीच नसलं तर कढीपत्त्याची डहाळी ठेवायची. आईने लावलेली सवय. कोणाच्या ध्यानात असेल असं वाटलं नव्हतं.

मघाशी कुलपाचा टोमणा मारणारीच म्हणाली, "हाव माय. लिहा हिचं नाव."

मशीन आली. पहिल्याच उन्हाळ्यात बिघडली आणि मी खरंच रडले. जाऊबाई म्हणाल्या, "म्या सांगतलंच होतं!" आणि दुरुस्तीवाल्याला घेऊन आल्या.

शेवटच्या हप्त्याच्या दिवशी त्या आजारी, खाटेवर होत्या. बैठकीतून मी थेट त्यांच्याकडे गेले.

"बोलली काय आज गटात?"

"हाव, बाई. उभी राहून बोलली."

"काय बोलली?"

"म्हटलं, मोजून घ्या. सारे फिटले."