मास्तरांना नापास करणारे साडू

शिकायला बसण्याआधीच जगातले सर्वाधिक मास्तर नापास करणारा माणूस म्हणजे माझे साडू. मुखेडच्या शाळेत जन्मभर शिकवून ते नांदेडला आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले. नात बारावीच्या क्लाससाठी लातूरला गेली आणि कपाटावर राहिलेलं तिचं युकुलेले यांच्या हाती लागलं. चार तारांचं, गिटारचं धाकटं भावंड वाटावं असं वाद्य. दिवाळीला ती आली की एक गाणं वाजवून दाखवायचं, एवढंच त्यांनी मनात धरलं. आपलं आपणच शिकायचं होतं. पण कशावरून, हे ठरवण्यातच पावसाळा सरत आला.

पुस्तक आणलं ते वाचलं नाही, टेबलावर उघडं राहतं का ते आधी पाहिलं. ते मिटलं. "दोन्ही हात वाद्यात गुंतलेले, मग पान काय दातानं धरू?" पुस्तक नापास. दुसऱ्यावर अडकित्ता ठेवून पाहिला, तो घसरून पायावर पडला. मोबाइलवरचं ॲप बोट चुकलं की लाल फुली दाखवायचं. "जन्मभर फुल्या मी मारल्या. आता मारून घेऊ व्हय?" मग व्हिडिओ. एकाच्या कॅमेऱ्यात बोटांऐवजी चेहराच दिसे. "तोंड बघून काय करू? सोयरीक जमवायची हाय का?" शेवटी एक पोरगा सगळ्या कसोट्यांना उतरला, पण "लई घाई करून राहिला" म्हणून तोही गेला.

त्या दिवशी मी शेजारीच बसलो होतो. साडू मोबाइलसमोर ताठ बसलेले. यांचं बोट तारेवर टेकेपर्यंत पोरगा दोन धडे पुढे.

"अहो, थांबवा की त्याला," मी म्हणालो.

"शिकवणारा बोलून राहिला अन् मधीच त्याचं तोंड बंद करायचं?"

आतून मेहुणी म्हणाली, "माझं करताना न्हाई असं वाटत!"

हा किस्सा मी सोयऱ्यांच्या प्रत्येक पंगतीत सांगितला आणि दर वेळी शेवटी म्हणालो, "अजून निवडूनच राहिलेत, वाजवायचं कुठलं?" लोक अजून हसतात. तो शेवट खरा नाही, हे आता सांगितलं पाहिजे.

किस्सा लातूरला पोचला. नातीचा मला फोन आला, "आबा, आजोबा खरंच व्हिडिओ थांबवत नाहीत?" मी हसत "हाव" म्हणालो. ती हसली नाही.

त्या आठवड्यात तिने साडूंना एक व्हिडिओ पाठवला. होस्टेलच्या कॉटवर, मैत्रिणीचं युकुलेले मांडीवर. "आजोबा, खालच्या तारेवर तिसऱ्या घरात बोट ठेवा. मी थांबते." आणि ती खरंच थांबते. पंखा करकरतो, बाहेरून कुणी जेवायला हाक मारतं, ती जागची हलत नाही. मग विचारते, "झालं?" साडू मोबाइलला सांगायचे, "हाव, झालं."

हा एक मास्तर पास झाला. दिवाळीत त्यांनी ते गाणं वाजवलं, अडखळत, पण शेवटपर्यंत. जिथे बोट अडलं तिथे ती तशीच गप्प बसून राहिली. हे मी पाहिलं होतं, पण पंगतीत कधी सांगितलं नाही. हसू मोडलं असतं.

साडू आता मुलाच्या बदलीबरोबर लातूरला गेलेत, नात त्याहून लांब. जाताना मागून घेतलेला तो व्हिडिओ माझ्याकडे आहे, युकुलेले नाही. तरी दुपारी कधी लावतो. ती थांबते तेवढा वेळ मीही पुढे सरकवत नाही. "झालं?" विचारते, तेव्हा घरात कुणी नसेल तर मीही हाव म्हणतो.