खुर्चीचे मोजे

लोकरकाकूच्या तोंडात तीळ भिजत नसे, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. पण खरी गंमत अशी, की तिला तोंड उघडावंच लागत नसे. तिच्या सुयाच बोलायच्या. जिन्याच्या वळणावर खिडकीतून ऊन यायचं, तिथे पायरीवर बसकण मारून काकू विणायला बसली आणि सुईवर बारीक पिवळी किंवा पांढरी लोकर दिसली, की वरचे-खालचे सगळे समजून जायचे. कुणाकडे तरी पाळणा हलणार. मग फक्त कुणाकडे, एवढंच शोधायचं उरायचं, आणि ते पहिली टोपी पुरी होईपर्यंत काकू स्वतःच सांगून टाकायची. तिसऱ्या मजल्यावरच्या ड्रायव्हरला आपण बाप होणार हे बायकोकडून नाही, जिन्यातल्या टोपीकडून कळलं. तो आठवडाभर घरात कुणाशी बोलला नाही. काकूला वाटलं, आनंदाने वाचा बसली बिचाऱ्याची.

तशी बाई कष्टाची. कोपऱ्यावर कपडे दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे ती शिलाईला बसायची. पॅन्टची लांबी कमी कर, कोटाचं अस्तर बदल, चेन बसवून दे. गिऱ्हाइकाचं पोट सुटलेलं त्याच्याआधी काकूला कळायचं, आणि ती ते त्याला तोंडावर सांगायची. मालक कपाळाला हात लावायचा. पण हाताला सफाई अशी, की गिऱ्हाईक टोमणे खाऊनही परत तिच्याकडेच यायचं. घरी नवरा, लेक आणि सून. नवरा निवृत्त होता. कान चांगले ठणठणीत होते, पण लग्नानंतर लवकरच त्याने ऐकणं कमी केलं होतं, त्यामुळे संसार सुखाचा झाला.

आता सुनेचं सांगायला हवं. मागच्या वर्षी एका संध्याकाळी तिने घरात गोड बातमी दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पांढरी लोकर घेऊन जिन्यात हजर. दुपारपर्यंत इमारतभर झालं. ज्याने त्याने सुनेला थांबवून कितवा महिना विचारला, काय खावं ते सांगितलं, कसं झोपावं तेही सांगितलं. आणि मग ते बाळ राहिलं नाही. त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. सून औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. दिवसभर उभं राहून दमलेली पोर चार मजले चढायची आणि प्रत्येक मजल्यावर तिला एकदा रडावं लागायचं, कारण समोरची बाई आधीच रडायला लागलेली असायची. सगळ्यांची माया खरी होती हो, पण मायेलाही दाराची कडी वाजवायची सवय हवी. हे सगळं आपल्या सुयांमुळे झालं, हे काकूला कळत होतं. तिने ते कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. काकू न बोललेली ती बहुधा पहिलीच गोष्ट.

म्हणून यंदा भांडी पुसता पुसता सून म्हणाली, "आई, मला पुन्हा दिवस गेलेत," तेव्हा काकूने आधी दोन्ही हात पदराखाली लपवले.

"ह्या वेळी सुया दिसल्या नाही पाहिजेत," सून म्हणाली. "मी सांगेन तेव्हाच लोकांना कळेल. कुणी एक शब्द जरी विचारला ना, तर मी सरळ माहेरी जाऊन बसेन. बाळ झालं तरी तिथेच राहीन."

"शब्द दिला," काकू म्हणाली.

"तुमचा शब्द मला माहीत आहे. मी सुयांबद्दल बोलतेय."

शब्द देणं सोपं असतं. पाळायला बसलं की हात शिवशिवतात. आणि काकूला तर भीती वाटली की विणायला लागायचं. कुणाचं ऑपरेशन असो, कुणाची परीक्षा असो, हिच्या हातात सुया. आता तर भीती नेहमीपेक्षा मोठी होती. पुन्हा तसंच झालं तर? ती देवाला हात जोडायची, पण जोडलेल्या हातांत काहीतरी हवं असं तिला वाटत राहायचं. आधी तिने न्हाणीघरात नळ सोडून विणून पाहिलं. सुनेने दारावर टकटक करून विचारलं, "आई, पोट बिघडलंय का? गोळी आणू का?" मग पांघरुणात शिरून विणलं. नवऱ्याला सुई टोचली, आणि कित्येक वर्षांनी त्याला सगळं ऐकू आलं.

शेवटी जागा सापडली ती दुकानात. गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायला मागच्या बाजूला पडद्याआड एक खोपटवजा जागा होती, आत आरसा आणि एक लाकडी स्टूल. गर्दी नसली की काकू पडदा ओढून आत बसायची आणि चार सुयांवर मोजे विणायची. अंगठ्याएवढे मोजे. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तसं चाललं होतं.

एके दुपारी दुसऱ्या मजल्यावरची मास्तरीणबाई आपला कोट घालून बघायला आली. तिच्यासोबत तळमजल्यावरची नर्सबाई होती. मास्तरीणबाईने सरकन पडदा ओढला, आणि आत काकू. मांडीवर पिवळ्या लोकरीचा गुंडा, हातात तयार मोजा, आणि चेहरा असा, जणू बँक लुटताना सापडली.

मास्तरीणबाईच्या भुवया वर गेल्या. "कुणाकडे, काकू?"

काकूने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पळायला जागा नव्हती. मग ती शांतपणे उठली, स्टूल उलटं केलं आणि मोजा त्याच्या एका पायात चढवला. आता नशीब बघा, तो अगदी मापाने बसला.

"फरशीवर ओरखडे पडतात," काकू म्हणाली. "म्हणून फर्निचरला मोजे. आजकाल सगळीकडे घालतात. तुम्ही शाळेत असता दिवसभर, तुम्हाला काय कळणार."

मास्तरीणबाईने स्टुलाकडे पाहिलं. त्या पिवळ्या मोज्याला घोट्यापाशी गाठ मारायला नाडी होती, नाडीला दोन इवलाले गोंडे होते. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात नर्सबाईने तिच्या हाताला धरलं.

"किती छान," नर्सबाई म्हणाली. "काकू, मला करून द्या हो. आमच्या खुर्च्या इतक्या करकरतात, की शेजारचे भिंतीवर थापा मारतात."

मास्तरीणबाईने नर्सबाईकडे पाहिलं, मग काकूकडे. "मलाही," ती हळूच म्हणाली.

झालं. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरची बायको मोजे मागायला आली. मग गच्चीखालच्या खोलीतली पेन्शनर बाई आली. सगळ्यांच्या घरची फर्निचरं एकदम थंडीने कुडकुडायला लागली. काकूला आपल्याच हुशारीचं कौतुक वाटायला लागलं. पाहा, म्हणे, एक थाप मारली आणि अख्खी इमारत फसली. आता चोरून विणायचं कारणच उरलं नाही. ती राजरोस जिन्यात बसायला लागली. टोप्या विणल्या. "किटलीसाठी, चहा गरम राहतो." दुपटं विणलं. "रेडिओवर टाकायला, धूळ बसते." कुणी विचारलं नाही, की किटलीला हनुवटीखाली बांधायच्या नाड्या कशाला.

सुनेने मात्र विचारलं. कामावरून आली, घरातल्या खुर्चीला मोजे बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, हे काय?"

"खुर्चीचे मोजे."

"खुर्चीच्या मोज्याला टाच कशाला?"

"खुर्चीलाही टाच असते. नीट बघायला पाहिजे."

सुनेने खाली वाकून खरंच बघितलं. बराच वेळ बघितलं. वर आली तेव्हा ओठ घट्ट दाबून धरले होते. "बरं," एवढंच म्हणून ती आत गेली, आणि आतून खोकल्याचा आवाज आला. काकू पक्की जाणून होती, तो खोकला नव्हता. पण त्या घरात कित्येक दिवसांत कुणी हसलं नव्हतं, म्हणून तिने खोकलाच मानून घेतला.

आता गोष्ट अशी झाली, की महिने सरत गेले आणि काकूच्या हाती काही राहीना. जे विणावं ते कुणीतरी घेऊन जाई. सर्वांत मऊ पिवळे मोजे मास्तरीणबाईने नेले. किनारीला पानं काढलेलं दुपटं पेन्शनर बाईच्या रेडिओवर गेलं. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं, की मग हे कुणासाठी ठेवलंय, हा प्रश्न आलाच. सुनेचं पोट आता कोटातून दिसायला लागलं होतं, दिवस भरत आले होते, आणि ज्या बाईने गावभरच्या पोरांना कपडे चढवले तिच्या स्वतःच्या नातवंडाला अंगावर घालायला एक चिंधी नव्हती. काकूला रडू कोसळायचं तेवढं बाकी होतं.

शेवटी तिने बेत केला. नर्सबाईकडे जायचं, मोजे मळले असतील, मी धुऊन देते म्हणायचं, आणि त्यातले दोन जोड परत द्यायला विसरायचं. चोरी नाही, नुसती विसरभोळेपणाची तयारी. कामावरून सुटल्यावर ती तळमजल्यावर गेली.

नर्सबाईने दार उघडलं. काकू आत शिरली आणि मोजे शोधायला तिने नजर फिरवली. खाटेवर गादी होती. खाली सतरंजी होती. भिंतीला टेकून लोड होते. खुर्ची कुठेच नव्हती. काकू स्वयंपाकघरात डोकावली, तिथेही नव्हती. अख्ख्या घरात एक खुर्ची नव्हती.

"तुमच्या खुर्च्या कुठे गेल्या?" काकूने विचारलं.

नर्सबाईने हात पुसले. तिने कपाटाचं दार उघडलं. आत वरच्या फळीवर पांढऱ्या कापडात सगळं ठेवलं होतं. मोज्यांचे जोड, नाड्या बांधून. टोप्या. पेन्शनर बाईचं पानांचं दुपटं. मास्तरीणबाईने नेलेले पिवळे मोजेसुद्धा. सगळं स्वच्छ धुतलेलं, घड्या घातलेलं.

काकू सतरंजीवर मटकन बसली.

"माझं सगळं आयुष्य बाळंतपणं करण्यात गेलं, काकू," नर्सबाई म्हणाली. "तुमची सून जिना चढताना कठड्याला हात लावायला लागली, त्याच आठवड्यात मला कळलं. मागच्या वेळी आम्ही सगळ्यांनी त्या पोरीला बोलून बोलून सोलून काढली. आम्हाला काय वाटलं नसेल? म्हणून ठरवलं, ह्या वेळी कुणी विचारायचं नाही. राहता राहिला प्रश्न तुमचा."

"माझा?"

"तुमच्या हातात सुया नसल्या की तुम्ही बोलता. म्हटलं, हात गुंतलेले बरे. आणि विणलेलं सगळं बाळासाठी इथे जमा करायचं."

काकूला रागही आला, लाजही वाटली, आणि त्याच्याही वर एवढं बरं वाटलं, की ती हसली की रडली ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. "म्हणजे सगळ्या इमारतीला माहीत आहे?"

"ड्रायव्हरलासुद्धा. पण सुनेला कळू देऊ नका. ती सांगेल तेव्हा आम्हाला कळेल."

इथून पुढचे दिवस काकूच्या आयुष्यातले सर्वांत कठीण. एक गुपित ठेवणं अवघड, हे तिला माहीत होतं. पण सगळ्यांना माहीत असलेलं गुपित सगळ्यांपासून ठेवायचं, म्हणजे सर्कसच. सून समोर आली की ती तोंडात पाण्याचा घोट धरून ठेवायची. जिन्यातली प्रत्येक बाई सुनेशी भाज्यांच्या भावावर आणि हवेवर बोलायची, आणि नजर काटेकोरपणे गळ्याच्या वर ठेवायची. सुनेला वाटायला लागलं, इमारतीत डोळ्यांची साथ आलीय की काय.

मग एका सुट्टीच्या सकाळी बायका अंगणातल्या बाकावर बसल्या होत्या. काकू त्यांच्यात बसून कसल्याशा पायपुसण्याच्या कडा शिवत होती. सून खाली आली. एक एक पायरी, कठड्याला धरून, पोट पुढे. सगळ्याजणी एकदम आकाशाकडे बघायला लागल्या.

सून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "मला सगळ्यांना एक सांगायचंय," ती म्हणाली. "मला दिवस गेलेत."

"अगं बाई," मास्तरीणबाई म्हणाली.

"खरं की काय," ड्रायव्हरची बायको म्हणाली. पेन्शनर बाईने तर छातीवर हात ठेवला. इतका वाईट अभिनय त्या अंगणाने पाहिला नव्हता. काकूने पायपुसण्यात तोंड खुपसलं.

सुनेने एकेकीकडे पाहिलं. ती वेडी नव्हती. तिला सगळं कळलं, कदाचित खुर्चीची टाच बघितली तेव्हापासून कळत आलं होतं. "आता विचारा काय विचारायचं ते," ती म्हणाली. "मी नाही रागावणार."

आणि कुणालाच काही सुचेना. इतके महिने तोंड आवळून बसलेल्या बायका, पण कितवा महिना, काय खातेस, मुलगा की मुलगी, यातलं एकही तोंडातून निघेना. वारं सुटलं होतं, दोरीवरचे कपडे हलत होते.

शेवटी नर्सबाईने विचारलं, "पाय सुजतात का गं?"

सुनेने पायांकडे पाहिलं. मग तिने मान हलवली. "फार," ती म्हणाली. "दिवसभर उभी असते ना. चपलेत मावत नाहीत. रात्री गार पडतात." आणि एवढं बोलून ती तिथेच, सगळ्यांसमोर, पहिल्यांदा स्वतःच्या मनाने रडली.

नर्सबाईने बाजूला सरकून तिला बाकावर बसवलं. मास्तरीणबाईने तिच्या चपला काढल्या. काकूने पायपुसणं टाकलं, खाली जमिनीवर बसली, सुनेचं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं आणि वितीने मोजलं. टाचेपासून अंगठ्यापर्यंत, मग सुजलेल्या घोट्याभोवती. आजवर शेकडो बाळांचे मोजे तिने पावलं न बघता विणले होते. हे एक पाऊल रोज तिच्या घरात चार मजले चढून येत होतं आणि तिने ते कधी हातात घेतलं नव्हतं.

"आई, राहू द्या," सून म्हणाली.

"गप्प बस," काकू म्हणाली, आणि पिशवीतून जाड लोकर काढून तिने मोठ्या मोज्याचे टाके घालायला घेतले.