तिनं मरणाचं ऐकलं नाही

फोनवर भाऊजी रडले नाहीत. "मंदा, तुही ताई गेली," एवढं बोलून ते थांबले. मागं अंगणातला गलका ऐकू येत होता. मग म्हणाले, "लवकर ये. लोकं इचारून राह्यले, जाळायचं का पुरायचं."

सुभद्रा माझी थोरली बहीण. संग्रामपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान गावात तिनं संसार केला. त्या सकाळी अंगण झाडता झाडता ती ओट्यावर टेकली आणि बसल्या जागीच गेली. बुलढाण्याहून गाडी करून मी निघाले. घाट उतरल्यावर मोताळ्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पळस फुलला होता आणि मला त्या फुलांचा चक्क राग आला. आपल्या घरात मढं असताना हे काय चाललंय, असं वाटलं... आणि लगेच आठवलं की ताईलाही एकदा असाच राग आला होता. तिला राग आला होता गाण्याचा. तिची पुढची सगळी गोष्ट त्या रागापासून सुरू होते.

ताईला एकच मुलगी होती, रेणू. नुकती शाळेत जायला लागलेली, बोलघेवडी, सगळ्या गावात कुणाच्याही घरी जाऊन जेवणारी. एका पावसाळ्यात तिच्या डोक्यात ताप गेला आणि ती राहिली नाही. लहान लेकरू म्हणून तिला जाळलं नाही, भाऊजींच्या शेतात बांधाजवळ पुरलं. त्यानंतर ताईच्या सासूनं घरात एक नियम केला. रेणूचे कपडे देऊन टाकले, फोटो उतरवला, आणि सगळ्यांना सांगितलं की या घरात आता पोरीचं नाव काढायचं नाही. सासू दुष्ट नव्हती. नाव निघालं नाही तर सून लवकर सावरेल, असंच तिला वाटत होतं. झालं उलटंच. ताईनं बोलणंच सोडलं. मी भेटायला गेले की ती स्वयंपाक करायची, वाढायची, आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. भाऊजी सकाळी शेतात जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. दोन माणसं एका घरात राहत होती आणि त्यांच्यामध्ये एक नाव होतं, जे दोघांनाही घेता येत नव्हतं.

पुढं ताईचं पिशवीचं ऑपरेशन करावं लागलं. आता मूल होणार नाही, हेही त्याबरोबर ठरलं. ऑपरेशन एका मिशनच्या दवाखान्यात झालं. तिथं मार्था नावाच्या एक सिस्टर होत्या, वयस्कर, संथ चालणाऱ्या. त्यांनी पहिल्या दिवशी इतर बायांना विचारतात तसंच ताईला विचारलं, मुलं किती? ताई म्हणाली, एक होती. अशा वेळी लोक मान हलवतात आणि पुढं जातात. मार्था सिस्टर खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "काय नाव होतं तिचं?"

मी तिथंच होते. ताईनं नाव सांगितलं, आणि मग ती जी बोलायला लागली ती थांबेचना. रेणू कशी झोपायची, तिला वरणातलं मीठ कसं कमी लागायचं, ती चपला नेहमी उलट्या पायात कशी घालायची... सिस्टर ऐकत राहिल्या. धर्माचं एक अक्षर त्यांनी त्या दिवशी काढलं नाही.

ताईला घरी सोडायच्या दिवशी ईस्टर होता, येशू मेलेल्यांतून उठला तो सण. पहाटे दवाखान्यातली मंडळी जवळच्या कब्रस्तानात प्रार्थनेला जातात, असं कळलं. मार्था सिस्टरांनी येतेस का म्हणून विचारलं आणि ताई त्यांचा हात धरून हळूहळू चालत गेली. मीही मागं होते. कबरींवर मेणबत्त्या लावल्या होत्या, फुलं ठेवली होती. आणि लोक गात होते. टाळ्या वाजवून, मोकळ्या गळ्यानं गात होते. नवे कपडे घातलेली पोरं कबरींमधून पळत होती. ताई एकदम थांबली. "इथं कायले गाऊन राह्यले हे?" ती जोरात म्हणाली. "यायले लाज नाही का?" दोन-चार जणांनी वळून पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मार्था सिस्टर मात्र म्हणाल्या की बरोबर विचारतेस, एक बाईही अशीच पहाटे रडत कबरीपाशी आली होती. आणि तिथं उभ्या उभ्या त्यांनी तिला मरियेची गोष्ट सांगितली. ती येशूचं प्रेत शोधायला आली, समोर उभा असलेला माणूस तिला माळी वाटला, आणि मग त्यानं तिला नावानं हाक मारली. तो जिवंत उठलेला येशूच होता.

परतीच्या बसमध्ये ताई खिडकीशी बसली होती. पूर्णेचा पूल ओलांडल्यावर ती माझ्याकडे वळली. "मंदा, त्यानं तिले आधी काही शिकवलं नाही, समजावलं नाही. पयले नावानं हाक मारली. आपल्या घरात मेलेल्याचं नाव पुसतात. त्याच्या घरात हाक मारतात."

त्या संध्याकाळी अंगणात उभी राहून ताईनं रेणूला हाक मारली. जेवायला बोलवावं तशी, मोठ्यानं. सासू धावत बाहेर आली, शेजारच्या बाया आल्या. पोरीच्या दुःखानं बाईचं डोकं फिरलं, असं सगळे म्हणाले. ताई त्यांना एवढंच म्हणाली की माझं डोकं आजच ठिकाणावर आलंय.

ती जळगाव जामोदच्या लहानशा चर्चमध्ये जायला लागली आणि पुढच्या वसंतात तिनं बाप्तिस्मा घेतला. पाळकांनी सुचवलं होतं की हवं तर नवीन नाव घे. तिनं साफ नाही म्हटलं. देव मला शोधत आला तेव्हा याच नावाच्या बाईला शोधत आला होता, आता त्याला बुचकळ्यात कशाला पाडू, असं तिचं उत्तर होतं. पाळक हसले आणि ती सुभद्राच राहिली. दर ईस्टरला ती पुरणपोळी करून शेतात रेणूपाशी न्यायची.

गावानं तिला सोपं जाऊ दिलं नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. लग्नात तिची पंगत बाजूला बसू लागली. तुला त्यांनी काय दिलं म्हणून बाटलीस, असं तिच्या मोठ्या जावेनं भर विहिरीवर विचारलं. ताईनं घागर खाली ठेवली. "माही लेक देली," ती म्हणाली. "तुमी सगळ्यायनं मिळून पुसली होती. त्यायनं परत देली." घागर उचलून ती चालू लागली. भाऊजींना मात्र लोकांनी पुष्कळ सुचवून पाहिलं, बायको टाक, दुसरी कर. भाऊजी चर्चमध्ये कधी गेले नाहीत, आजही जात नाहीत. पण त्यांनी एकालाच एकदा उत्तर दिलं, की दोन वर्षं माझ्या घरात एक मुकी बाई होती, आता ती बोलते, तुम्हाला काय त्रास आहे? पुन्हा तो विषय निघाला नाही.

मी काही ख्रिस्ती नाही. माझ्या देव्हाऱ्यातले देव जागच्या जागी आहेत. एकदा मी तिला आपलं समजुतीनं म्हटलं, की खरंय ताई, पळस बघ, पानं झडून जातात आणि पुन्हा फुलतो, तसंच माणसाचंही असेल. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती चिडली. "पयसाचं नको सांगू मले. पयस दरसाल फुलते, पण मांगचं फूल काही परत येत नाही. माह्या रेणूले फूल होऊन नाही यायचं. तिले तिच्याच तोंडानं यायचं हाये, उलट्या चपला घालून." त्यानंतर मी तिला निसर्गाच्या गोष्टी सांगितल्या नाहीत.

तिची आशा मऊ नव्हती. मरणाशी तिचं उघड भांडण होतं आणि ते ती जिंकलेलंच आहे, असं धरून चालायची. जिथं कुठं मूल गेल्याचं कळे तिथं ती जायची. माझी मैत्रीण नसीम देऊळघाटला राहते. तिचा कॉलेजात जाणारा मुलगा अपघातात गेला तेव्हा ताई माझ्याकडे आलेली होती. आम्ही दोघी गेलो. घरात बाया भरलेल्या होत्या, अल्लाची मर्जी, सबर करो, असं चाललं होतं. ताई नसीमच्या जवळ जाऊन बसली आणि नाव विचारलं. नसीम म्हणाली, "आपा, आठ दिवस झाले, त्याचं नाव मी घेतलं का सगळे विषय बदलतात." मग ती दुपारभर इम्रानबद्दल बोलत राहिली, मध्येच हसलीसुद्धा. ताईनं ना तिला येशूचं नाव सांगितलं ना बायबल काढलं. निघताना फक्त म्हणाली, "तो संपला असं कोनी म्हनलं तं आयकू नको."

अशा बाईचं काय करायचं, यावर त्या दिवशी मी पोहोचले तेव्हा अंगणात वाद चालला होता. जळगाव जामोदहून पाळक आणि चर्चची माणसं आली होती. ती माणसं ताईला आपल्या कब्रस्तानात न्यायला तयार होती. भाऊजींचा पुतण्या विलास दारात आडवा उभा होता. काकू आमच्या घरची आहे, आमच्याच स्मशानात जाईल, आणि न्यायची असेल तर न्या, पण मग ती आमची राहिली नाही, असं त्याचं म्हणणं. आवाज चढत चालले होते. भाऊजी कडुलिंबाखाली खाली मान घालून बसले होते. नव्या पालवीआडून जुनी पिवळी पानं त्यांच्या टोपीवर गळत होती. ते उठले.

"कुठी नेत नाही तिले," ते म्हणाले. "माह्या वावरात. रेणूच्या शेजारी."

त्यांच्या तोंडून ते नाव गावानं इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. विलास म्हणाला, काका, लोकं काय म्हणतील, आणि तुमचा तरी विश्वास आहे का यावर? भाऊजींनी टोपी काढून झटकली.

"थे उठन का नाही, मले नाही माहीत. तिले माहीत होतं. तेवढं पुरे मले."

मग विलासच गोठ्यात गेला आणि कुदळ, फावडं घेऊन आला. तूर काढून मोकळ्या झालेल्या वावरात त्यानंच आधी घाव घातला. पाळकांनी प्रार्थना केली, चर्चच्या बाया गायल्या, आणि वाटेतल्या फुलांचा आला होता तसा मला त्या गाण्याचा राग आला नाही.

यंदाच्या ईस्टरला मी आदल्या दिवशीच तिच्या घरी गेले. आमच्याकडे माणूस गेलं की वर्षभर सण नसतो, गोडधोड नसतं, म्हणून मी साधी भाकरी-भाजी करायच्या बेतानं गेले होते. ताईच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर भाऊजी चुलीपुढं बसलेले. हरभऱ्याची डाळ शिजत होती, गूळ चिरून ठेवला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मळायला घेतलेली कणीक त्यांच्या कोपरापर्यंत चिकटली होती. ताईची थोरली जाऊ दारातूनच म्हणाली, की अहो, दुखवट्याच्या घरात पुरण? वर्ष तरी होऊ द्या.

भाऊजींनी फुंकणीनं चूल फुंकली. डोळ्यांत धूर गेला होता, ते बाहीनं पुसले.

"यंदाच तं पाह्यजे, वहिनी," ते म्हणाले. "यंदा दोघी हायेत तिकडं."

मी पदर खोचला आणि कणीक त्यांच्या हातून घेतली. थोरली जाऊ दारात जरा वेळ उभी राहिली. मग आत आली आणि पोळपाट शोधू लागली.