माणिकराव मास्तर आणि माझा बांधलेला हात

माणिकराव मास्तरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लिहा, पण जुनी कटुता नको, असे संपादक मंडळाने मला कळवले आहे. मंडळाची क्षमा मागतो. कटुता गाळली तर मास्तरांविषयी लिहिण्यासारखे माझ्याजवळ फारसे उरत नाही.

निजामी अमदानीच्या शेवटच्या वर्षांत माणिकराव परभणीला अंमलदारांच्या क्लबात टेनिसचे मार्कर होते. मार्कर म्हणजे साहेबलोकांना खेळ शिकवणारा, त्यांच्याशी खेळणारा आणि शेवटी मुकाट्याने त्यांच्याकडून हरणारा पगारी माणूस. माझे वडील कचेरीत कारकून. त्यांच्या ओळखीने सतराव्या वर्षी मी हे काम शिकायला मास्तरांकडे गेलो. पहिले आठ दिवस त्यांनी मला रॅकेट दिलीच नाही. आडातून पाणी शेंदायचे आणि शेणाने सारवलेल्या कोर्टावर सडा घालायचा, एवढेच काम. ही निव्वळ वेठ आहे, असे मी घरी सांगितले. नवव्या दिवशी मास्तर म्हणाले, "बादली उचलताना तुजं मनगट वाकायलंय. डाव्या अंगाला आलेला बॉल दोन्ही हातांनी मार."

स्वतः माणिकराव डाव्या अंगाचा हा फटका, म्हणजे बॅकहँड, एका हाताने मारत, आणि तो काय देखणा होता! पण शिष्याने आपल्यासारखेच खेळावे, असा हट्ट त्यांनी कधी धरला नाही. मनगट पक्के असेल त्याला एक हात, कच्चे असेल त्याला दोन. इतकी साधी गोष्ट शिकल्यासवरल्या अंमलदारांच्या डोक्यात शिरत नव्हती, याचा मला आजही संताप येतो. ते मला लाकूडतोड्या म्हणून हसत. मास्तर म्हणत, "हसू दे त्यांना. बॉल रेषेच्या आत पडतो का, तेवढं बघ."

दोन वर्षांनी हैदराबादच्या एका मोठ्या क्लबाला मार्कर हवा होता. नोकरी कायमची होती, पण शिफारसपत्र आमच्या क्लबाच्या सेक्रेटरीसाहेबांनी द्यायचे होते. माझा खेळ बघायला ते खुर्ची टाकून बसले. तिसऱ्याच बॅकहँडला त्यांनी खेळ थांबवला. "मास्तर, ये लकडी फोडना वहाँ नै चलता," म्हणाले आणि शिपायाकडून माझा डावा हात टॉवेलाने कमरेशी बांधवला. भर कोर्टावर, चारचौघांत! मग सर्व्हिसला बॉल कोणत्या हाताने उडवायचा, एवढेही त्या शहाण्याला सुचले नाही.

माणिकराव पुढे आले आणि त्यांनी गाठ सोडली. "हात त्याचे हायत, साहेब. क्लबाचे न्हाईत." तिथल्या तिथे त्यांची नोकरी गेली.

आणि मी काय केले? खाली पडलेला टॉवेल उचलून शिपायाच्या हातात दिला आणि "बांधा" म्हणालो. मला हैदराबाद हवे होते. मास्तर रॅकेट काखेत मारून फाटकाबाहेर गेले. सेक्रेटरीवरचा माझा राग खरा आहे. पण त्याच्या आडून मी इतकी वर्षे स्वतःवरचा राग झाकत आलो, हेही इथे लिहून टाकतो.

हैदराबादेत एका हाताने खेळून चार महिन्यांत माझे मनगट सुजले आणि त्या क्लबाने मला घरचा रस्ता दाखवला. मास्तर तोवर सेलूच्या एका जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाठी उचलत होते. तोंड दाखवायची लाज वाटत होती, तरी गेलो. त्यांनी मनगटाला आंबेहळदीचा लेप लावला, आठवडाभर घरी ठेवून घेतले. सूज उतरल्यावर जिनिंगच्या भिंतीसमोर उभे केले आणि म्हणाले, "चल, लाव दोन्ही हात." पुढे मी टेनिस शिकवूनच संसार केला, तो त्या आठवड्याच्या बळावर. मास्तरांनी मात्र क्लबातल्या त्या दिवसाचा विषय तेव्हाही काढला नाही आणि नंतरही कधी काढला नाही.

मास्तर, तुमची प्रकृती अशीच ठणठणीत राहो आणि तुम्ही शंभरी सहज ओलांडा, हे मी मनापासून मागतो. पण तेवढ्या वर्षांत एकदा, निदान एकदा तरी माझ्यावर चिडा. मला घरी बोलावून घ्या आणि सगळ्यांदेखत विचारा, त्या दिवशी तू "बांधा" का म्हणालास? तुमचे न बोलणे आता मला सोसवत नाही.