आरशासारखी थ्रॉटल बॉडी

रविवार, १४ नोव्हेंबर १९९९, सकाळी साडेनऊ. सुरतमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी बाबांच्या गाडीची थ्रॉटल बॉडी सोडवली. इंजिनात जाणारी हवा या ॲल्युमिनियमच्या नळीतून शिरते. मधली चकती फिरली की वाट उघडते. नळी आतून गुळगुळीत केली तर हवेचा अडथळा घटेल, हे माझे गृहीतक. बाबांची अट स्पष्ट होती: साखरपुड्यासाठी चार वाजता नंदुरबारला मामाकडे निघायचे. तोवर गाडी तयार नसेल तर एसटीने जाऊ, आणि यापुढे मी बॉनेट उघडायचे नाही.

शेजारचे काका हिऱ्यांना पैलू पाडत. कारखाने दिवाळीनिमित्त बंद असल्याने ते घरीच होते. त्यांनी तेलात कालवलेली हिऱ्याची पूड आणली आणि आम्ही आळीपाळीने नळी घासली. आतला काळसर थर हटत नव्हता, म्हणून अधिकच जिद्दीने घासली. अखेर काकांनी ती उन्हात धरली.

"बेन, आमां तो मोढुं देखाय!"

"तोंड नंतर बघा, आधी गाडी चालू करा," बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले.

गाडी चालू झाली ती किंचाळतच. ॲक्सिलरेटरवर पाय नसताना टॅकोमीटर इंजिनाचे मिनिटाला १४०० फेरे दाखवत होता. हवे होते ८५०च्या आसपास.

"अगं, ही तर उभ्या उभ्याच नंदुरबारला निघाली!" आई गॅलरीतून ओरडली.

नळी पुन्हा काढून, चकती मिटवून, मी ती सूर्यासमोर धरली. कडेला प्रकाशाची कोर दिसली. काजळी समजून आम्ही जो थर काढला, तो चकती घट्ट मिटावी म्हणून मुद्दाम दिलेला लेप होता. चकाकले म्हणजे काम झाले, हा सुरतचा संस्कार आम्हा दोघांच्याही हाडीमाशी भिनलेला!

लेप परत येणार नव्हता; गळती मात्र कमी करता येत होती. चकतीचे स्क्रू सैल केले, मिटलेल्या स्थितीत तिला आपली जागा घेऊ दिली आणि पुन्हा आवळले. कोर केसाएवढी उरली. नळी बसवून गाडी चालू केली आणि उरलेल्या हवेची भरपाई आयडल स्क्रू, म्हणजे चकतीला वळसा घालणाऱ्या हवेच्या वाटेचा स्क्रू, थोडा थोडा आवळून केली.

"काय मग, शास्त्रज्ञबाई? एसटी की गाडी?" बाबा बॅग घेऊन उभे होते.

मी हातानेच थांबवले. काटा उतरला, थरथरला, स्थिरावला. बाबांनी वाकून पाहिले आणि बॅग डिकीत ठेवली.

मी नोंद केली: ८७०.