गाळलेलं ‘म्हणे’

सुहासिनी देवस्थळीचं अक्षर चांगलं होतं, म्हणून ॲन आर्बरच्या मराठी मंडळाचं वार्तापत्र तिच्याकडे आलं. मराठी टाइपरायटर गावात कुणाकडेच नव्हता. दर तीन महिन्यांनी ती जेवणाच्या टेबलावर कोरे कागद पसरायची, काळ्या पेनाने चार पानं लिहून काढायची आणि तिचा नवरा चंद्रशेखर ऑफिसातून त्यांच्या सत्तर प्रती झेरॉक्स करून आणायचा. दोन कागद, पाठपोट. पाचवं पान काढायचं नाही असं कमिटीत ठरलेलं होतं.

लोकांना त्यात एवढंच हवं असायचं की गणपती कोणत्या शाळेच्या हॉलमध्ये आणि पॉटलकला कुणी काय आणायचं. पण शेवटच्या पानावर सुहासिनीने ‘आपली माणसं’ सुरू केलं. लग्नाआधी तिने नागपूरच्या एका दैनिकात दोन वर्षं काढली होती. बाईमाणूस म्हणून तिला निधनवार्तांच्या टेबलावर बसवलं होतं. तिथले उपसंपादक राजारामपंत सांगायचे, “बाई, माणूस गेला असं छापण्याआधी त्याच्या घरी जाऊन या. एखादा पडवीत चहा पीत बसलेला असतो.” ती सायकलवरून जायची. एकदा खरोखरच एक जण पडवीत बसलेला निघाला.

नंतर लग्न, मिशिगन, मुलगी सुलेखा. वीस वर्षं ती ‘चंद्रशेखरची मिसेस’ होती. हे एक पान सोडलं तर तिला दुसरी ओळख नव्हती. डॉक्टर-इंजिनियर लोकांवर ती लिहीत नसे. ती म्हणायची, त्यांच्याबद्दल ते स्वतःच सांगतात, मी कशाला हवी? बासष्टाव्या वर्षी बर्फात ड्रायव्हिंग शिकलेली कुणाची तरी आई, लायब्ररीत पुस्तकं लावणारे एक काका, अशी माणसं ती शोधून काढायची. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तिने नंदा कारखानीसला निवडलं.

नंदाचा नवरा युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये होता. दोन हिवाळ्यांपूर्वी तो हार्ट अटॅकने गेला. तेव्हापासून नंदा आपल्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये पाच मराठी मुलं सांभाळत होती. त्यांच्या आया सकाळी मुलं सोडून कामावर जायच्या. नंदाचं घर त्या पाच मुलांवर उभं होतं.

सुहासिनी दोन दिवस सकाळभर तिच्याकडे वही घेऊन बसली. नंदा वरणभात कालवताना प्रत्येकाच्या वाटीत मीठ वेगळं घालायची, कुणाला किती चालतं ते तिला पाठ होतं. कोणतं मूल कोणत्या कुशीवर झोपतं तेही. सुहासिनीने सगळं टिपून घेतलं. लेख चांगला उतरला, फक्त शेवट सापडत नव्हता.

तो शनिवारच्या पॉटलकला सापडला. कांचन रांगेत तिच्यापुढे होती. कांचनचा रवी नंदाकडेच असायचा.

“तीन तास झोपतो तिच्याकडे,” कांचन म्हणाली. “दुधात जायफळ उगाळून देते म्हणे.”

रांगेतल्या बायका हसल्या. सुहासिनी घरी आली आणि तिने शेवटची ओळ लिहिली: ‘आणि दुपारी दुधात जायफळाचे दोन वेढे जास्त देते म्हणे.’ लेखाला एकदम चव आली. पण शेवटचा शब्द चौथ्या पानाच्या कडेवर चेपला गेला होता, झेरॉक्समध्ये तो तुटला असता. वर कुठे काटछाट करायची तर सगळं पान पुन्हा लिहावं लागलं असतं. तिने पांढऱ्या शाईची बाटली उघडली, हे ‘म्हणे’ पुसलं आणि ‘देते’पुढे टिंब दिलं. वाक्य तसंही जास्त चांगलं वाटत होतं.

गुरुवारी अंक पोस्टात पडला. सोमवारी सकाळी उत्तराचा फोन आला. उत्तरा डॉक्टर होती, तिची मुलगी नंदाकडे जायची.

“सुहासिनीताई, हे तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“काय?”

“नटमेग, जायफळ. मी इमर्जन्सीत नशेसाठी नटमेग खाऊन आलेली कॉलेजची मुलं पाहिलीत. माझी पोर दीड वर्षाची आहे.”

“अगं, आपल्याकडे सगळेच देतात, किंचित.”

“किंचित नाही लिहिलंय. दोन वेढे जास्त लिहिलंय.”

उत्तराने त्याच दिवशी मुलीला काढलं आणि इतर आयांना फोन केले. बुधवारपर्यंत नंदाकडे दोन मुलं उरली होती.

सुलेखा सोळा वर्षांची होती आणि शाळेच्या पेपरात लिहायची. तिने आईचं बोलणं ऐकलं आणि सीरियल खाता खाता विचारलं, “डिड यू आस्क हर?”

“त्यात विचारायचं काय? सगळ्यांना माहीत होतं.”

“हू इज एव्हरीबडी, आई?”

सुहासिनी उठली. तिने वही काढली. दोन दिवसांच्या अकरा पानांत जायफळ हा शब्द कुठेच नव्हता. शनिवारी रात्री आणि रविवारी दिवसभर तिला फोन करता आला असता. नंदा ‘नाही हो’ म्हणाली असती तर शेवट गेला असता, म्हणून केला नव्हता. हे तिला तेव्हाही माहीत होतं.

ती आधी कांचनकडे गेली.

“तुला कुणी सांगितलं ते?” तिने विचारलं.

“कुणी नाही गं. रवी माझ्याकडे अर्धा तास झोपत नाही आणि तिच्याकडे तीन तास. राग आला होता, बोलून गेले.”

“पण तू ‘म्हणे’ म्हणालीस.”

“मग? म्हणे म्हणजे कुणीतरी म्हणतं. त्या दिवशी मी म्हटलं.”

“हे लिहून देशील?”

“वेडी आहेस का? उत्तरा आणि आमचे हे एकाच हॉस्पिटलमध्ये आहेत. माझं नाव कुठे घालू नकोस.”

“आणि रवी? तो जातोय ना तिच्याकडे?”

कांचन डिशवॉशरमधली भांडी काढायला लागली. “काढला कालच. सगळ्यांनी काढल्यावर मी एकटी कशी ठेवू, यार?”

मंडळाचे अध्यक्ष नरेंद्र यांनी तिला बसवलं, चहा दिला, आणि खुलासा छापायला नकार दिला. “वहिनी, खुलासा म्हणजे तेच पुन्हा छापणं. सत्तर घरांतल्या पन्नासांनी तर वाचलंच नसेल. ते आता वाचतील. पुढचा अंक दिवाळीचा आहे, त्यात जायफळ फक्त बासुंदीत येऊ द्या.”

“मग एक वेगळा कागद काढते.”

“मंडळाच्या नावाने नको. कुणी वकील गाठला तर निस्तरायचं कुणी?”

घरी चंद्रशेखरने पेपर खाली ठेवला. “तुला कुणी सांगितलं होतं लिहायला? गणपतीची तारीख लिहायची आणि सोडून द्यायचं.”

“अहो, त्या पाच आयांना पत्र लिहिते. ऑफिसात पाच प्रती काढून द्याल?”

“नाही,” तो म्हणाला.

मग तिने पत्र पाच वेळा हाताने लिहायचं ठरवलं. पहिल्याच ओळीवर पेन थांबलं. ‘नंदा मुलांना जायफळ देत नाही.’ हे तरी तिला कुठे ठाऊक होतं? आताही तिने विचारलेलं नव्हतं. नंदा फोन उचलत नव्हती. सुहासिनी बसने तिच्याकडे गेली.

नंदाने दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

“मला एकच विचारायचंय,” सुहासिनी म्हणाली. “तू देत होतीस?”

“तुम्ही दोन दिवस इथे बसला होतात, ताई. माझी झाकणं उघडून पाहिलीत. बेडशीटचा रंग लिहिलात.”

“हो. चुकलं माझं. देत होतीस का?”

“घरात जायफळ आहे. कुणाच्या घरात नसतं? मुलांना कधी दिलं नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसते, डोळा लागेपर्यंत. प्रत्येकाच्या. त्याला वेळ लागतो.” मग ती म्हणाली, “हे लेखात नव्हतं. तेव्हा तुम्ही घड्याळ बघून निघाला होतात, बस होती तुमची.”

सुहासिनीने पत्रात हे लिहिलं. कांचनचं नाव घातलं नाही. ‘ही ऐकीव गोष्ट होती. मी ती विचारून घेतली नाही, आणि ऐकीव आहे हे सांगणारा शब्द मीच पुसला,’ असं लिहून खाली पूर्ण सही केली. पाचही पत्रं ती स्वतः दारोदार देऊन आली. एका दारात तिला आत बोलावलं आणि पत्र न उघडता फ्रिजवर ठेवून दिलं. एकीने वाचलं आणि विचारलं, “नंदाने पाठवलं का तुम्हाला?”

उत्तराने दारातच उभ्या उभ्या दोनदा वाचलं.

“खरं असेलही, ताई. पण त्या दिवशी तुम्ही दोन वेढे जास्त असं लिहिलंत, ते इतकं खरं वाटलं. आज हात ठेवून बसते लिहिलंत, तेही खरंच वाटतंय. मी यातलं काय धरू?”

“मी आता विचारून आले आहे.”

“आधीही विचारलंच असणार असं मी धरलं होतं.” तिने पत्र घडी करून परत दिलं.

त्या आठवड्यात उरलेली दोन्ही मुलं गेली. पुढच्या मंगळवारी नंदाचा फोन आला. ती फक्त म्हणाली, “तुम्हाला इंग्लिश अर्ज भरता येतो ना? माझं अक्षर लागत नाही लोकांना.”

सुहासिनी गेली. या वेळी साखळी नव्हती. पाच छोट्या सतरंज्या गुंडाळून भिंतीला उभ्या केल्या होत्या. टेबलावर वृद्धांच्या एका नर्सिंग होमच्या धुलाई विभागाचा फॉर्म होता. काम पहाटे पाचपासून, उभं राहून.

सुहासिनीने पेन काढलं. नाव, पत्ता, जन्मतारीख. प्रत्येक रकान्याला ती थांबून विचारत होती, आणि नंदा सांगेल तेवढंच लिहीत होती. “शिक्षण?” “बी.ए., पहिलं वर्ष. दुसरं दिलं नाही, तसंच लिहा.”

“आधीचा अनुभव?”

“लहान मुलं सांभाळली, दोन वर्षं.”

“का सोडलं, असं विचारलंय.”

“मुलं येईनाशी झाली,” नंदा म्हणाली. सुहासिनीने याचं इंग्लिश केलं आणि तिला वाचून दाखवलं. नंदाने मान हलवली.

शेवटचा रकाना होता तो ओळखीच्या माणसाचा. अर्जदाराबद्दल खात्री देऊ शकेल अशी व्यक्ती, नाव आणि फोन. सुहासिनीने काही न विचारता स्वतःचं आडनाव लिहायला सुरुवात केली. पहिलं अक्षर कागदावर उमटलं होतं.

“नको,” नंदा म्हणाली. “तुमचं नको.”

“मग कुणाचं?”

नंदाने फॉर्म आपल्याकडे ओढून घेतला आणि ते अक्षर नीट खोडलं. “रिकामं ठेवते,” ती म्हणाली. “नाव नसलेलं चालतं का, तेवढं फोन करून विचारा. विचाराल ना?”

सुहासिनीने फोन उचलला.